ऑडिओ कॉमेंट्री ऐकावी का, आणि कोणाची?

प्रश्न असा आहे: घरी पाहण्यासाठी विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या डिस्कवर मूळ ध्वनीखेरीज ऑडिओ कॉमेंट्रीचा एक वेगळा ट्रॅक असतो आणि त्यात चित्रपट चालू असताना दिग्दर्शक, तंत्रज्ञ किंवा एखादा अभ्यासक सलग दोन तास बोलत असतो. हे ऐकण्यात काही हशील आहे का, की त्यापेक्षा दिग्दर्शकाची एखादी चांगली मुलाखत वाचणे पुरे? आणि केवळ अशा ट्रॅकसाठी महाग डिस्क विकत घ्यावी का? मी अनेक वर्षे संकलनाचे काम केले आहे आणि पुढे चित्रपट रसास्वादाच्या शिबिरांतून शिकवत आलो आहे. दोन्ही कामांत हे ट्रॅक माझ्या सतत वापरात राहिले आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

ऐकण्यात हशील निश्चित आहे, आणि निवडक ट्रॅकसाठी डिस्क विकत घेण्यातही आहे. मात्र बरेचसे ट्रॅक पहिल्या अर्ध्या तासानंतर बंद करावेत असेच असतात. चांगला कोणता आणि टाकाऊ कोणता हे ठरवण्यासाठी मी एकच कसोटी लावतो. बोलणारा जे सांगतो आहे ते पडद्यावर त्या क्षणी असलेल्या चित्राशी बांधलेले आहे का? तेच बोलणे कागदावर उतरवून वाचले तरी काही कमी पडत नसेल, तर ती मुलाखतच आहे आणि तिच्यासाठी पुन्हा दोन तास बसण्याचे कारण नाही. चित्र काढून घेतल्यावर बोलणे अधांतरी राहत असेल, तर मात्र तेथे असे काही मिळते आहे जे पुस्तकात, मुलाखतीत किंवा चित्रीकरणाच्या वेळी केलेल्या माहितीपटात मिळणार नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटाच्या २००१ साली निघालेल्या डीव्हीडीवर समीक्षक रॉजर ईबर्ट यांची कॉमेंट्री आहे. १९२९ च्या आर्थिक अरिष्टात केनला आपल्या वृत्तपत्रांवरचा ताबा सोडून द्यावा लागतो, त्या दृश्यात त्याचा एकेकाळचा पालक असलेला सावकार थॅचर आणि त्याचा जुना व्यवस्थापक बर्नस्टीन पुढे टेबलाशी बसलेले आहेत आणि मागच्या भिंतीला खिडक्या आहेत. शेजारी मापाला काहीच नसल्यामुळे त्या खिडक्या आपण नेहमीच्या आकाराच्या धरून चालतो. मग केन बोलत बोलत मागे जाऊ लागतो, आपल्या अंदाजापेक्षा बराच लांब जातो, आणि भिंतीपाशी पोहोचतो तेव्हा खिडकीची खालची कड त्याच्या डोक्याच्याही वर असल्याचे दिसते. ज्या घडीला या माणसाची सत्ता जाते त्याच घडीला तो लहान मुलाएवढा होतो, आणि त्यासाठी कॅमेऱ्याला जागचे हलावेही लागत नाही. शिबिरात हे दृश्य नुसते दाखवले, तर केन तेथे केविलवाणा वाटला असे बहुतेक जण सांगतात, पण कशामुळे हे त्यांना सांगता येत नाही. तेच दृश्य ईबर्ट यांच्या आवाजासह दाखवले की सगळ्यांची नजर खिडकीवर जाते, आणि ती जाते योग्य वेळी, म्हणजे केन चालायला लागण्याच्या बेतात असताना. ही माहिती पुस्तकांतही छापलेली आहे. पण पुस्तक वाचताना दृश्य आठवावे लागते, आणि आठवणीतल्या खिडक्या तर नेहमीच्याच आकाराच्या असतात.

ईबर्ट यांना हे साधले ते काही केवळ व्यासंगामुळे नव्हे. कोलोराडोतील बोल्डर येथे ते वर्षानुवर्षे प्रेक्षकांसमोर एकेक चित्रपट थांबवत थांबवत दाखवत असत. कोणीही ‘थांबा’ म्हणावे आणि त्या फ्रेमवर चर्चा करावी, अशी रीत होती. आपल्याकडे पुण्यात प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वादाचे शिक्षण रुजवले तेही याच वाटेने. ‘पथेर पांचाली’चे त्यांनी केलेले दृश्यागणिक विश्लेषण विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. चित्रपटावर मोघम बोलायचे नाही, समोरच्या शॉटवर बोलायचे, ही शिस्त त्या वर्गांतून आली. चांगली कॉमेंट्री ही त्याच शिस्तीची घरी नेता येणारी आवृत्ती आहे, फक्त तिच्यात एक मोठी अडचण वाढलेली आहे. कीर्तनकार अभंग थांबवून निरूपण करतो आणि मनाजोगते झाले की पुन्हा अभंगावर येतो. कॉमेंट्री करणाऱ्याला ही सवलत नाही. शॉट सहा सेकंदांचा असेल तर त्याविषयीचे सहा सेकंदांत सांगून मोकळे व्हावे लागते, नाहीतर पुढचा शॉट हुकतो. या बंधनातून जे मोजके, नेमके बोलणे तयार होते ते मला फार मोलाचे वाटते.

या प्रकाराचा जन्मही अभ्यासकाच्या आवाजातच झाला. १९८४ साली अमेरिकेतील क्रायटेरियन कंपनीने ‘किंग काँग’ (१९३३) लेसरडिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या चकतीवर, आणला, तेव्हा लॉस एंजेलिस काउंटी म्युझियम ऑफ आर्टच्या चित्रपट विभागाचे रोनाल्ड हेवर यांनी चित्रपट चालू असतानाच त्यावर व्याख्यान दिले आणि ते डिस्कवर मुद्रित केले गेले. ती पहिली ऑडिओ कॉमेंट्री मानली जाते. त्यामागे तंत्राची एक सोय होती. लेसरडिस्कवर ध्वनीच्या दोन वाहिन्या असत. जुन्या चित्रपटाचा ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीत मावणारा. दुसरी वाहिनी मोकळी पडलेली. त्या मोकळ्या जागेत हेवर यांचा आवाज बसला. ‘किंग काँग’ची निवडही अगदी चपखल होती, कारण तो चित्रपट हातांनी केलेल्या कारागिरीने भरलेला आहे. काँगच्या छोट्या बाहुल्यांना सशाचे कातडे लावलेले होते आणि प्रत्येक फ्रेमसाठी बाहुली किंचित हलवताना अ‍ॅनिमेटरची बोटे त्या केसांवर फिरत, त्यामुळे पडद्यावर काँगच्या अंगावरचे केस सारखे थरथरताना दिसतात. हे वाक्य वाचून कुतूहल वाटते; केस थरथरत असताना ते ऐकले, तर १९३३ सालच्या त्या अनाम बोटांची हालचाल आपण प्रत्यक्ष पाहत असतो.

डीव्हीडी आल्यावर ही सोय नियमच झाली. डीव्हीडीवर ध्वनीचे आठ ट्रॅक बसतात. बोलण्याच्या ट्रॅकला सेकंदाला १९२ किलोबिटचा दर पुरतो, म्हणजे दोन तासांच्या कॉमेंट्रीला सुमारे १७३ मेगाबाइट जागा लागते, ८.५ गिगाबाइटच्या डिस्कवर हे प्रमाण जेमतेम दोन टक्के आहे. जागा जवळजवळ फुकट, ध्वनिमुद्रणाचा खर्च एका दिवसाच्या स्टुडिओचा, आणि वेष्टनावर छापायला एक जादा आकर्षण. त्यामुळे १९९७ नंतरच्या दशकात पाश्चात्त्य वितरकांनी सरसकट कॉमेंट्री घालायला सुरुवात केली आणि त्यातच पुष्कळ कचराही तयार झाला. चित्रपट प्रदर्शित होण्याआधी किंवा होताच कलाकारांना एका खोलीत बसवून केलेली ध्वनिमुद्रणे यात सर्वात निरुपयोगी. त्यांना आपल्या कामाकडे पाहण्याइतके अंतर मिळालेले नसते. त्या दिवशी थंडी किती होती, जेवण कसे होते आणि अमुक कलाकाराबरोबर काम करणे किती आनंदाचे होते, यापलीकडे ते सहसा जात नाहीत, आणि पाऊण तासानंतर स्वतःच चित्रपट पाहण्यात रंगून गप्प होतात. तुम्ही ऐकलेला पहिलाच ट्रॅक असा निघाला असेल, तर या प्रकाराविषयी तुमचे मत वाईट होणे स्वाभाविक आहे. एका अशा अनुभवावरून मात्र निकाल देऊ नये.

मग ऐकावे कोणाचे? माझा अनुभव असा की जुन्या चित्रपटांसाठी अभ्यासक आणि नव्या चित्रपटांसाठी तंत्रज्ञ यांचे ट्रॅक सर्वात क्वचित निराश करतात. अभ्यासक बहुधा लिखित मजकूर घेऊन बसतो. मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तर दोन तासांत पंधरा हजार शब्द होतात. म्हणजे ते छोटेसे पुस्तकच असते, आणि तेही दृश्यांच्या लांबीनुसार कापून बसवलेले. जपानी चित्रपटांचे जाणकार डोनाल्ड रिची यांची ‘राशोमोन’वरची कॉमेंट्री याचा उत्तम नमुना आहे. रिची यांचे बहुतेक आयुष्य जपानमध्ये गेले होते आणि ‘राशोमोन’चे दिग्दर्शक कुरोसावा यांना ते व्यक्तिशः ओळखत होते, त्यामुळे चित्रभाषा, समाज आणि माणूस या तिन्ही बाजूंनी ते एकाच शॉटकडे पाहू शकतात. ‘सेव्हन समुराई’वर मायकेल जेक यांनी लेसरडिस्कच्या काळात केलेला ट्रॅक पुढे डीव्हीडीवरही आला. साडेतीन तासांच्या जवळ जाणाऱ्या चित्रपटावर एकट्याने बोलून ऐकणाऱ्याला धरून ठेवणे किती अवघड असेल याची कल्पना करावी.

तंत्रज्ञांचे ट्रॅक वेगळ्या कारणासाठी ऐकावेत. छायाचित्रणकार, संकलक, ध्वनिसंयोजक आणि कलादिग्दर्शक यांना मुलाखतीला फारसे कोणी बोलावत नाही. बोलावले तरी समोर चित्र नसल्याने त्यांच्या कामाविषयी बोलणे कठीण जाते. चित्र समोर आले की हीच माणसे भरभरून बोलतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या विस्तारित आवृत्त्यांवर प्रत्येक चित्रपटाला चार ट्रॅक आहेत: दिग्दर्शक आणि लेखिका, अभिकल्पना (डिझाइन) करणारे, निर्मिती आणि चित्रीकरणोत्तर काम करणारे, आणि कलाकार. एवढे सगळे कोणी ऐकावे असा माझा आग्रह नाही. पण कलादिग्दर्शन शिकणाऱ्याने दुसरा आणि संकलन किंवा ध्वनी शिकणाऱ्याने तिसरा ट्रॅक जरूर ऐकावा. एखादी जागा बांधलेली आहे, छोटी प्रतिकृती आहे की संगणकावर केलेली आहे, हे ती जागा डोळ्यांसमोर असताना कळण्याला तोड नाही. संकलकांसाठी आणखी एक नाव सांगतो: ‘रेजिंग बुल’वर मार्टिन स्कॉर्सेसी आणि त्यांच्या संकलक थेल्मा स्कूनमेकर यांचा ट्रॅक. एखादा कट अमुक ठिकाणी का पडला याचे उत्तर बहुतेक वेळा दिग्दर्शकापेक्षा संकलकाकडे असते, हे त्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ते जाहीरपणे ऐकायला मिळण्याची ठिकाणे फार थोडी.

दिग्दर्शकांच्या ट्रॅकविषयी मी थोडा सावध असतो. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांची ‘गॉडफादर’वरची कॉमेंट्री मी विनासंकोच सुचवतो, कारण आपल्याला काढून टाकतील ही टांगती तलवार डोक्यावर असताना एकेक दृश्य कसे पार पडले हे ते आडपडदा न ठेवता सांगतात. भारतीय श्रोत्याने सुरुवात करावी ती मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’वरच्या ट्रॅकपासून, कारण आपल्या ओळखीच्या लग्नघरातली गडबड कॅमेऱ्याने कशी टिपली हे समजायला वेगळी पार्श्वभूमी लागत नाही. पण पुष्कळ दिग्दर्शक आपल्या चित्रपटाचा अर्थ सांगू लागतात, आणि तेथे प्रेक्षकाने कान बंद करणे चांगले.

यासंबंधात माझ्या सर्वात आवडीचा ट्रॅक ‘द लाइमी’ (१९९९) या चित्रपटावरचा आहे. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग आणि पटकथाकार लेम डॉब्स एकत्र बसले आहेत, आणि डॉब्स नाराज आहेत. आपण लिहिलेल्या पात्रांची पार्श्वभूमी चित्रपटात गाळली गेली, माणसे पातळ झाली, असे ते दिग्दर्शकाच्या तोंडावर सांगतात. ज्या दृश्यात ते घडले ते दृश्य तेव्हा समोर चालू असते. सोडरबर्ग बचावही करतात आणि काही ठिकाणी मान्यही करतात. चित्रपटाचे संकलन काळाची उलटापालट करणारे आहे, म्हणून ट्रॅकचेही तसेच तुकडे करून जोडलेले आहेत. पटकथा आणि चित्रपट यांत अंतर का पडते, हा विषय मी वर्गात जेव्हा जेव्हा घेतो तेव्हा याच ट्रॅकचा आधार घेतो. कागदावर चांगले असलेले दृश्य पडद्यावर का नको होते, यावर दोन समर्थ माणसांचे प्रामाणिक भांडण आणि पुरावा म्हणून समोर प्रत्यक्ष चित्र, असा योग दुसरीकडे जुळणे कठीण. आपल्याकडच्या प्रसिद्धीच्या मुलाखतींत तर सगळेच सगळ्यांवर खूश असतात.

एक गंभीर आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. स्टीव्हन स्पीलबर्ग कॉमेंट्री करत नाहीत. डेव्हिड लिंच यांनीही कधी केली नाही. आपल्या चित्रपटाची प्रकरणांत विभागणी करून डिस्क काढणेही त्यांना पसंत नव्हते. चित्रपटाने जे सांगायचे ते सांगितले आहे, त्यावर निर्मात्याने पुन्हा बोलले की प्रेक्षकाचा अनुभव उणावतो, ही भूमिका मला आदरणीय वाटते, आणि ज्या चित्रपटाचे सारे बळ गूढतेत आहे त्याच्या बाबतीत ती योग्यही आहे. मात्र हा आक्षेप अर्थ सांगणाऱ्या कॉमेंट्रीला लागू पडतो. काम कसे झाले हे सांगणाऱ्या किंवा नजर घडवणाऱ्या कॉमेंट्रीला लागू पडत नाही. शिवाय एकाच डिस्कवर अनेक ट्रॅक असले की एकाचा शब्द अखेरचा राहत नाही. ‘ब्लेड रनर’च्या २००७ सालच्या अंतिम आवृत्तीवर तीन वेगवेगळे ट्रॅक आहेत: दिग्दर्शक रिडली स्कॉट यांचा, लेखक आणि निर्माते यांचा, आणि अभिकल्पना व दृश्यपरिणाम करणाऱ्यांचा. नायक माणूस आहे की कृत्रिम मानव, याविषयी स्कॉट यांचे मत ठाम असले, तरी पटकथाकार हॅम्प्टन फॅन्चर यांना ते संदिग्ध राहणेच योग्य वाटत आले आहे. अशी भिन्न मते असलेल्या माणसांचे आवाज एकाच चित्रपटावर ऐकल्यानंतर प्रेक्षक निर्णय स्वतःच्या हाती घेतो.

आता आपल्याकडे ही परंपरा का रुजली नाही, त्याकडे येतो, कारण माझ्या चिंतेचा विषय तोच आहे. पहिले कारण तांत्रिक आहे. घरोघरी चित्रपट पोहोचले ते डीव्हीडीच्या आधी आणि पुढेही बरीच वर्षे व्हीसीडीवरून. व्हीसीडीवर ध्वनीचा एकच स्टिरिओ ट्रॅक असतो. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंचा वेगवेगळा वापर कॅरिओकेसाठी केला जाई, पण पूर्ण चित्रपटासोबत दुसरा बोलका ट्रॅक देण्याचा विचार कोणी केला नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणल्या. त्यामुळे चित्रपट सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ही मोठीच गोष्ट झाली, पण त्या किमतीत कोणाला बोलावून, त्याचे ध्वनिमुद्रण करून ते जोडण्याला वाव नव्हता. हिंदी आणि मराठी डीव्हीडींवर गाण्यांवर थेट नेणारी यादी आली, जाहिराती आल्या. कॉमेंट्री अपवादानेच आली.

याची किंमत आपण किती मोठी मोजली ते पाहा. ‘कागज के फूल’ (१९५९) मध्ये रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत सर्वांच्या लक्षात आहे. छायाचित्रणकार व्ही. के. मूर्ती यांनी तो आरशांनी सूर्यप्रकाश वळवून मिळवला. हे आपल्याला कळते ते त्यांच्या मुलाखतींमधून. मूर्ती २०१४ पर्यंत हयात होते. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले छायाचित्रणकार. म्हणजे डीव्हीडीचा सगळा काळ त्यांच्या हयातीत येऊन गेला. त्यांना एका खोलीत बसवून, समोर चित्रपट लावून, ‘आता या शॉटविषयी सांगा’ असे म्हणत दोन तास ध्वनिमुद्रण केले असते, तर झोताच्या त्या एका प्रसिद्ध गोष्टीबरोबरच आजूबाजूच्या शेकडो शॉटांची, ज्यांविषयी कोणी प्रश्नच विचारले नाहीत त्यांची, माहिती आपल्या हाती राहिली असती. मुलाखतीत माणूस विचारलेल्याचे आणि आठवलेल्याचे उत्तर देतो. चित्र समोर चालू असले की न विचारलेलेही आठवते. माझ्या दृष्टीने कॉमेंट्रीचे दस्तऐवज म्हणून असलेले मोल येथे आहे.

मराठीत ‘सामना’चे उदाहरण घ्या. पटकथा लिहिणारे विजय तेंडुलकर २००८ मध्ये गेले, निळू फुले २००९ मध्ये, डॉ. श्रीराम लागू २०१९ मध्ये. मास्तर (लागू) आणि हिंदुराव (फुले) यांची एकेक भेट पाहताना त्या विरामांत काय ठरवून केले होते आणि काय कॅमेऱ्यासमोर घडून आले, हे सांगू शकणारे तीन आवाज याच अकरा-बारा वर्षांत निमाले. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन जुन्या चित्रकर्मींच्या मौखिक इतिहासाची ध्वनिमुद्रणे करते आहे आणि ते काम अत्यंत महत्त्वाचे आहे. पण आयुष्याचा आढावा घेणारी मुलाखत आणि शॉटगणिक दिलेली साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची गरज आहे.

झालेले ट्रॅक टिकतात असेही नाही. स्कॉर्सेसी आणि पटकथाकार पॉल श्रेडर यांनी ‘टॅक्सी ड्रायव्हर’वर १९८६ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण क्रायटेरियनच्या लेसरडिस्कसाठी होते. डिस्क कालबाह्य झाली, चित्रपटाच्या डीव्हीडी दुसऱ्या कंपनीने काढल्या, आणि तो ट्रॅक २०११ च्या ब्लू-रेवर परत येईपर्यंत जुन्या यंत्राचे मालक सोडून कोणाला ऐकता येत नव्हता. १९९१ च्या सुमारास जेम्स बाँडच्या पहिल्या तीन चित्रपटांच्या लेसरडिस्क तर कॉमेंट्रीतल्या मोकळ्या बोलण्यावर निर्मात्यांनी आक्षेप घेतल्यामुळे मागे घेण्यात आल्या आणि पुढे त्या ट्रॅकशिवाय काढण्यात आल्या. ‘येथे व्यक्त केलेली मते वक्त्यांची वैयक्तिक आहेत’ असा इशारा आज बहुतेक डिस्कवर सुरुवातीला दिसतो, त्यामागे असे अनुभव आहेत. स्ट्रीमिंगने हा धोका वाढवला. मोठ्या सेवांवर तोच चित्रपट डझनभर भाषांतल्या संवादांसह असतो आणि कॉमेंट्री मात्र नसते. क्रायटेरियन चॅनलसारखे अपवाद थोडे. म्हणून ज्या चित्रपटावर चांगला ट्रॅक आहे त्याची डिस्क मिळत असेल तर ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तोच चित्रपट ‘नवीन आवृत्ती’ म्हणून पुन्हा निघतो तेव्हा ट्रॅक गळलेला नाही ना, हे वेष्टनाच्या मागच्या बाजूला तपासून पाहावे.

ऐकण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगतो. चित्रपट आधी कॉमेंट्रीशिवाय पूर्ण पाहिलेला असावा, आणि तोही अलीकडे. दहा वर्षांपूर्वी पाहिलेला चालत नाही. कॉमेंट्री लावताना मूळ संवादांची उपशीर्षके चालू ठेवावीत, कारण संवादाचा आवाज खाली दबलेला असतो. काही डिस्कवर कॉमेंट्रीचीही उपशीर्षके असतात. इंग्रजी उच्चार पकडायला जड जात असतील तर त्यांचा उपयोग करण्यात संकोच बाळगू नये. एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको. मी विद्यार्थ्यांना वीस-वीस मिनिटांचे भाग ऐकायला सांगतो आणि प्रत्येक भाग लगेच मूळ ध्वनीसह पुन्हा पाहायला लावतो. ऐकलेले नजरेत मुरले की नाही, हे त्या दुसऱ्या पाहण्यातच कळते.

शेवटी, आपल्याकडे जे कोणी जुन्या मराठी चित्रपटाची नवी प्रत काढत आहेत, किंवा ज्यांचा नुकताच एखादा छोटा चित्रपट पूर्ण झाला आहे, त्यांना माझी कळकळीची सूचना आहे की हे ध्वनिमुद्रण आताच करून ठेवावे. डिस्क निघेल की नाही याची वाट पाहू नये. दोन चांगले मायक्रोफोन, शांत खोली, पडद्याच्या कोपऱ्यात टाइमकोड (तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम यांचे आकडे) दिसत असलेली प्रत आणि बोलणाऱ्यासाठी हेडफोन एवढ्यावर काम होते. एकट्याला बसवू नये. दिग्दर्शकासोबत छायाचित्रणकार किंवा संकलक असावा, म्हणजे एकाच्या आठवणीला दुसरा दुरुस्ती सुचवतो. वयोवृद्ध व्यक्तीला सलग दोन तास बसवण्याऐवजी तीन-चार बैठका घ्याव्यात आणि शांतता पडली तर ‘हा दिवा कोठे ठेवला होता?’ इतका साधा प्रश्न विचारण्यासाठी एक जाणकार सोबत ठेवावा. बोलण्याचा ट्रॅक चित्रपटाच्या ध्वनीत न मिसळता स्वतंत्र जतन करावा आणि वापराची लेखी परवानगी त्याच दिवशी घ्यावी. कोणत्या प्रतीवर बोलणे झाले, तिची लांबी किती आणि फ्रेमचा वेग किती, हेही त्याच्यासोबत लिहून ठेवावे. आपल्याकडच्या पुष्कळ डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमच्या आहेत आणि ब्लू-रे बहुधा २४ फ्रेमचे. दोन तासांचा चित्रपट २५ च्या वेगात चार-पाच मिनिटे आधी संपतो, आणि ही नोंद नसेल तर शेवटच्या रिळापर्यंत पोहोचताना बोलणे आणि चित्र यांची पूर्ण फारकत झालेली असते.